तो पांढऱ्या केसांचो बापयो खंय गेलो?

पत्राचा सारांश: मालवणजवळ घरगुती होमस्टे चालवणाऱ्या ३७ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. चार खोल्या. पहाटे साडेपाचला उठून घावणे-चटणी, दुपारी माशांची ताटं, संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब. मुलगा चौथीत, सासूबाई घरात, नवरा पर्यटकांच्या बोटीवर. पुण्यात शिकत असताना त्यांना गोष्टीच्या लांबलचक रोल-प्लेइंग गेमची (एका पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या) गोडी लागली. २०१९ साली भावाने आपला प्लेस्टेशन ४ हा टीव्हीला जोडायचा गेम-कन्सोल दिला, सोबत 'द विचर ३' हा गेम. तो त्यांनी आतापर्यंत तीनदा सुरू केला. दरवेळी तेरा-चौदा तास खेळून होतात, मग पर्यटकांचा सीझन लागतो, महिनोन्‌महिने हात लागत नाही. परत बसल्यावर काही आठवत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. रात्री साडेदहाला बसलं तर कंट्रोलर हातात धरूनच डोळा लागतो. छोटी कामं सोडून पुढे गेलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. नवरा म्हणतो, "यूट्यूबवर बघून टाक की गोष्ट." तो स्वतः रविवारी गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जातो. सासूबाई टोमणा मारतात, "काय गो, तो पांढऱ्या केसांचो बापयो आज खंय गेलो?" (तो पांढऱ्या केसांचा पुरुष आज कुठे गेला, म्हणून.) पत्रलेखिका विचारतात: "एवढ्या मोठ्या गेमसाठी लागणारा वेळ आता आयुष्यात येणार नाही, हे मान्य करून प्लेस्टेशन विकून टाकू का? की मुळात हे वेडच पोरखेळ आहे?"

उत्तर:

तुमचं पत्र वाचल्यावर मी सगळ्यात आधी एक बेरीज केली. तेरा-चौदा तास तीनदा, म्हणजे चाळीसेक तास झाले. 'द विचर ३'ची मुख्य गोष्ट, इकडे-तिकडे फारसं न भटकता, साधारण पन्नास तासांत पुरी होते. म्हणजे ती जवळजवळ संपेल एवढा वेळ तुम्ही देऊन बसला आहात. फक्त तो सगळा एकाच गावाच्या वेशीवर तीन वेळा खर्च झाला. तेव्हा "मला वेळ नाही" हे तुमचं वाक्य मी जरा बाजूला ठेवते. वेळ तुम्ही काढलात, होमस्टे सांभाळून काढलात. हातातून सुटतो आहे तो गोष्टीचा धागा.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २०१५ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तो काढला. गेराल्ट नावाचा पांढऱ्या केसांचा माणूस पैसे घेऊन राक्षसांची शिकार करतो आणि घोड्यावरून गावोगाव फिरत आपल्या मानलेल्या लेकीला, सिरीला, शोधतो. सुरुवातीचं एक छोटं गाव झालं की व्हेलेनचा दलदलीचा मुलूख लागतो आणि तिथे एक बॅरन, म्हणजे सरदार, भेटतो. बायको आणि मुलगी बेपत्ता आहेत, त्यांना शोधून दे, म्हणजे सिरीबद्दल मला जे माहीत आहे ते सांगतो, असं तो म्हणतो. तुम्ही तिन्ही वेळा या बॅरनपाशी येऊन थांबलात. माझ्या मते या गेममधली सर्वांत दमदार गोष्ट तीच आहे आणि तिचा शेवट तुम्ही अजून पाहिलेला नाही. याचंच मला खरं वाईट वाटलं.

असा गेम खेळायचा तर एका बैठकीत तीन-चार तास सलग हवेत, नाहीतर मजा नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. पुण्यात हॉस्टेलवर तसं जमत होतं, म्हणून ती सवय पडली. पण तुम्ही ज्या मुलखात राहता तिथे लांब गोष्ट ऐकायची-बघायची रीत वेगळी आहे. माझं आजोळ कुडाळकडचं. जत्रेतला दशावतार रात्री उशिरा उभा राहायचा तो पहाटेपर्यंत. सगळी रात्र टक्क जागून कोण बघायचं? संकासुर हसवून जाईपर्यंत आम्ही मुलं जागी, मग आजीच्या मांडीवर आडवी. मोठी माणसं मधेच उठून खाजं घ्यायची, चहा मारून यायची. परत आल्यावर बाजूच्याला एकच विचारायचं, "खंय पावला?" बाजूचा दोन वाक्यांत सांगायचा, आणि माणूस राजाच्या पुढच्या संवादात पुन्हा पुरता बुडायचा. गोष्ट तुटत नव्हती, कारण धागा हातात देणारं कुणीतरी शेजारी बसलेलं असायचं.

तुम्ही एकट्या बसता. तुमच्या बाजूला "खंय पावला?"चं उत्तर देणारं कुणी नाही. ते माणूस आपणच तयार करायचं.

एक साधी वही घ्या. पाहुण्यांच्या नोंदीची नको, वेगळी. खेळ बंद करायच्या आधी, म्हणजे टीव्ही चालू असतानाच, तीन ओळी लिहा: कुठे आहे, मला काय वाटतं, पुढे काय करायचं. उदाहरणार्थ: "व्हेलेन, बॅरनचा वाडा. बॅरन खोटं बोलतोय, बायको आपणहून गेली असणार. पुढे: आई आणि मुलगी, दोघींच्या खोल्या नीट बघायच्या." बस. याला दोन मिनिटं लागतात.

यातली मधली ओळ कधीही गाळू नका. काय घडलं ते गेम स्वतःच लिहून ठेवतो. 'विचर'मध्ये तर ते गेराल्टच्या डँडेलियन नावाच्या कवी मित्राच्या शब्दांत लिहिलेलं असतं, आणि जुना सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उघडताना आतापर्यंतची गोष्ट चित्रांसह थोडक्यात सांगितलीही जाते. पण बॅरनवर तुमचा विश्वास होता की नव्हता, त्याची कीव आली की चीड, हे त्यात कुठेही नसतं. तीन महिन्यांनी परत बसल्यावर घटना वाचून कळतात, पण आपण त्यात कुठे उभे होतो ते आठवत नाही. मग सगळं परकं वाटतं आणि 'न्यू गेम'वर बोट जातं. मी स्वतः 'ड्रॅगन क्वेस्ट ११' असा चार महिने सोडून परत धरला होता. तोही गेम सेव्ह उघडताना मागची गोष्ट नेमकी सांगतो. तरी पहिला तासभर मी त्या माणसांकडे लग्नाच्या अल्बममधल्या अनोळखी पाहुण्यांकडे बघावं तशी बघत होते. तेव्हापासून मी मधली ओळ लिहायला लागले.

आणि आता तुमच्या सासूबाई. "तो पांढऱ्या केसांचो बापयो आज खंय गेलो?" हा टोमणा आहे असं तुम्ही लिहिलंय. आवाज तुम्ही ऐकलाय, मी नाही, टोमणा असेलही. पण जिला काहीच घेणंदेणं नाही ती बाई "बंद कर ता" एवढंच म्हणते. तुमच्या सासूबाईंना त्याचे पांढरे केस लक्षात आहेत, तो एरवी दिसतो आणि आज दिसला नाही हेही लक्षात आहे. हा अर्धा टोमणा आणि अर्धी चौकशी आहे, असा माझा अंदाज. चातुर्मासात त्या पोथी वाचत असतील, निदान त्यांची आई वाचत असेल. आमच्या आजीची रीत अशी होती: रोज एक अध्याय, मधे खुणेचा दोरा, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय उघडण्याआधी कालचा भाग तोंडी सांगायचा. ऐकायला आम्ही असू नाहीतर भांडी घासणारी बाई. चार महिने चालणारी गोष्ट होती. आजीला कुणी कधी म्हटलं नाही की एवढं मोठं वाचायला तुला वेळ कुठून मिळतो.

दुपारी भाजी निवडताना सासूबाईंना बॅरनची गोष्ट सांगून बघा. एक मोठा वाडा, दारू पिणारा मालक, एका रात्रीत नाहीशा झालेल्या मायलेकी. आपल्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सांगताना तुमच्या डोक्यात ती जेवढी पक्की बसेल तेवढी वहीनेही बसणार नाही. मात्र नुसती सांगा, बसवून दाखवू नका. हा गेम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. त्यात रक्त आहे, शिव्या आहेत, नग्न दृश्यं आहेत. चौथीतला मुलगा घरात असताना तो लावूच नका, मग कितीही वेळ मोकळा मिळो.

आता तुमचा तिसरा सेव्ह. चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू करू नका, ही माझी एवढी एकच आग्रहाची विनंती. तो सेव्ह उघडा. गोष्टीचा सारांश ऐका. मग मेनूमध्ये पात्रांची माहिती असते, तिथे फक्त बॅरन आणि सिरी हे दोघं वाचा, सगळी यादी नको. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं गोष्टीला हातच लावायचा नाही. घोडा पळवा, नदीकाठी पाण्यातले राक्षस भेटतील त्यांच्याशी चार हात करा, कुठलं बटण कशाला ते बोटांना आठवू द्या. डोकं विसरतं त्याहून जास्त बोटं विसरतात, आणि बोटांनी घोटाळा केला की आपल्याला वाटतं गोष्टच विसरलो. ढाल करणारी 'क्वेन' ही जादूची खूण बोटावर बसली की निम्मं काम झालं. सेटिंगमध्ये जाऊन काठिण्य सर्वांत खालच्या पातळीवर आणा, तिचं नावच 'जस्ट द स्टोरी' आहे. ते कधीही बदलता येतं. लढाई तीनदा हरून अर्धा तास घालवणं तुम्हाला परवडणारं नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. गोष्टीसाठी आलात, गोष्ट घ्या.

छोटी कामं सोडली तर काहीतरी राहून जाईल, ही रुखरुख मला कळते. नकाशावर ती प्रश्नचिन्हं इतकी दिसतात की बघूनच दम लागतो; पुढे स्केलिगेची बेटं लागली की समुद्रातसुद्धा चोरट्या मालाच्या पेट्यांची प्रश्नचिन्हं पसरलेली असतात. पण तुमच्याकडे दोन दिवसांसाठी येणाऱ्या कुटुंबाला तुम्ही काय सांगता? सिंधुदुर्ग किल्ला करा, तारकर्लीला निवांत बसा, सगळे पॉइंट करायच्या नादाला लागू नका. तेच इथे. मेन क्वेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टीची कामं, करा. वाटेत एखादं माणूस थांबवून काही सांगू लागलं आणि ते ऐकावंसं वाटलं, तर तेवढं साइड क्वेस्ट करा. नुसत्या प्रश्नचिन्हांपोटी वाकडी वाट करू नका. गेमचा शेवट कसा होणार हे मुख्यतः सिरीशी वागताना-बोलताना घेतलेल्या थोड्याशा निर्णयांवर ठरतं. किती पेट्या उघडल्या याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि मुळात 'संपवणं' हीच अट का? तुमचा नवरा रविवारी गरवायला जातो. दोन तास खडकावर बसून एखादा गोबरा घेऊन येतो, कधी रिकामा येतो. गरवायला गेलेल्या माणसाला कुणी विचारतं का, समुद्र संपवलास का म्हणून? तुमच्याच मनोरंजनाला तेवढा हिशेब का? बॅरनची गोष्ट पुरी करून तुम्ही गेम कायमचा बाजूला ठेवलात, तरी ती सात-आठ तासांची एक पुरी गोष्ट तुमच्या पदरात पडलेली असेल. मी तर तुम्हाला पहिला टप्पा तेवढाच ठरवा असं सांगेन. पुढे नोव्हिग्राड शहर आहे, बेटं आहेत, ती कुठे पळून जात नाहीत.

गरवण्याचा विषय निघाला आहे तर एक अवघड गोष्टही बोलून टाकते. तुमच्या पत्रात "वेळ उरला की" हे शब्द चार ठिकाणी आले आहेत. चार खोल्यांचा होमस्टे, मूल आणि वयस्कर सासूबाई असलेल्या घरात बाईला वेळ उरत नाही. कधीच उरत नाही. उरलाच तर पापडाचं पीठ भिजवलेलं असतं. नवऱ्याचा रविवार उरलेला नसतो, तो आधीपासून ठरलेला असतो आणि त्याभोवती घर आपली कामं बसवून घेतं. तुमचीही अशी एक वेळ ठरवून, सगळ्यांना सांगून, बाजूला काढायला हवी. नवऱ्याला स्पष्ट सांगा: या पाऊण तासात पाहुण्यांचा फोन आला तर तू घ्यायचास, बेल वाजली तर तू उठायचंस. भांडणाच्या सुरात नको, आणि गेमचं नाव काढताना ओशाळून तर मुळीच नको. यूट्यूबवर गोष्ट बघायला सांगणारा माणूस वाईट नाही, त्याला वाटतंय की तुम्हाला फक्त शेवट हवा आहे. शेवटापेक्षा बॅरनला काय उत्तर द्यायचं ते ठरवणं तुम्हाला हवं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

ही वेळ रात्रीची नको. कंट्रोलर हातात धरून झोप लागते म्हणजे शरीर झोप मागतंय, त्याला ती द्या. तुमच्या पत्रातला दिवस मी दोनदा वाचला, त्यात मला एकच फट दिसली: दुपारी अडीच ते सव्वातीन. ताटं उरकलेली, सासूबाई आडव्या, मुलगा शाळेत. सीझनमध्ये तीही फट बुजते, हे मला माहीत आहे. दिवाळी, नाताळ, मे महिना, या काळात गेमचा विचारच नको. तेव्हा प्लेस्टेशनवर कापड टाका, वही आत ठेवा आणि मनाला लावून घेऊ नका.

पण पावसाळा? बोटी बंद, किल्ल्यावरची फेरी बंद, चारातल्या तीन खोल्या रिकाम्या. जूनच्या मध्यात शाळा सुरू होते. तिथपासून आठवड्यातले पाच दिवस रोज पाऊण तास धरला तर आठवड्याला पावणेचार तास होतात. तुमचा तिसरा सेव्ह तेरा-चौदा तासांवर आहे, मुख्य गोष्टीचे छत्तीस-सदतीस तास उरले. दहा आठवडे. म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आसपास. तुम्ही संवाद सावकाश वाचत असाल, मुलाला ताप येईल, चार दिवस वीज नसेल, असं सगळं धरून गणपतीपर्यंत म्हणा. चाकरमानी यायच्या आत सिरी सापडलेली असेल.

विजेचं मात्र नीट ऐका. प्लेस्टेशन पूर्ण बंद न करता रेस्ट मोडमध्ये, म्हणजे नुसता झोपवून, ठेवला की परत जिथल्या तिथे सुरू होतो, त्यामुळे बाहेरची माणसं तेच सुचवतात. आपल्याकडे पावसाळ्यात ते धोक्याचं आहे. माडाची झावळी तारेवर पडली की वीज गेली, आणि रेस्ट मोडमध्ये असताना वीज गेली तर सेव्ह न केलेलं सगळं गेलं. म्हणून आधी हाताने सेव्ह, मग पूर्ण बंद, मग प्लग काढायचा. 'विचर'मध्ये लढाई किंवा संवाद चालू नसेल तेव्हा जवळपास कुठेही सेव्ह करता येतं, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी केलं तरी चालतं. विजा चमकत असतील त्या दुपारी खेळूच नका. कन्सोल भिंतीला टेकवून, कपाटात कोंबून ठेवू नका. खारी दमट हवा आपल्या मिक्सरचं काय करते ते तुम्ही बघितलंच असेल.

मधेच कुणी हाक मारली तर? गेराल्टने काय उत्तर द्यायचं ते निवडायची वेळ आली की गेम बहुतेक वेळा थांबून राहतो, तुम्ही दूध उतरवून येऊ शकता. काही ठिकाणी मात्र वेळेची पट्टी सरकत असते, ती दिसली की हाकेला "इलंय" म्हणून आधी उत्तर निवडा.

तुमच्यासारखीच अडचण असलेली आणखीही पत्रं माझ्याकडे आहेत, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. प्रत्येकाचा पावसाळा वेगळ्या महिन्यात असतो. आंबा बागायतदाराने फेब्रुवारी ते मे शंभर तासांचा गेम हातात घेऊ नये, पेट्या भरताना गोष्ट डोक्यात राहत नाही. ट्रॉलरवर जाणाऱ्याला १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदीची मुदत आहे. जाळी विणून, बोट रंगवून झाल्यावर उरलेल्या संध्याकाळी त्याच्याच. नवीन गेम घेण्याआधी तो किती तासांचा आहे ते 'हाउ लाँग टू बीट' या संकेतस्थळावर बघा. तिथे नुसती मुख्य गोष्ट आणि सगळं काही, असे वेगवेगळे आकडे असतात. आपल्यासाठी पहिला आकडा.

ज्यांना रोज थोडंच जमतं त्यांना 'पर्सोना ५ रॉयल' बरा पडेल. एक शाळकरी मुलगा, एप्रिलपासून कॅलेंडरची एकेक तारीख पुढे सरकते, शाळा सुटली, संध्याकाळ झाली, दिवस संपला. दिवस संपला की थांबायचं, इतकं सरळ. गेम शंभर तासांहून मोठा आहे आणि सुरुवातीचे काही तास तो आपल्याला फारसं काही करू देत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर मला शिव्या द्याल. ज्यांच्या घरात दर पाच मिनिटांनी हाक येते त्यांनी आळीपाळीने चाल खेळायचे गेम घ्यावेत. २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' तसा आहे. आपली पाळी आली की आपण चाल करेपर्यंत शत्रू तलवार उगारून उभा राहतो. तो प्लेस्टेशन ४ वर चालत नाही, ५ लागतो. 'डिस्को एलिझियम'मध्ये हाताने करायची लढाईच नाही, सगळं बोलण्यावर चालतं, पण इंग्रजी भरपूर आणि अवघड वाचावं लागतं. मोबाइलवर खेळणाऱ्या, दिवा पॅसेंजरमध्ये बसणाऱ्या चाकरमान्यांसाठी १९९५ चा 'क्रोनो ट्रिगर' अजून तितकाच ताजा आहे, वीस-पंचवीस तासांचा. आणि लांब गोष्टीची भीतीच बसली असेल तर 'टू द मून', चारेक तासांत पुरा होतो आणि नंतर बराच वेळ बोलवत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला 'राजी'ही तसाच छोटा, आपल्या देवदेवतांच्या कथांवर उभा राहिलेला. तो रोल-प्लेइंग म्हणता येणार नाही, पण गोष्टीची भूक भागवतो.

यूट्यूबचा पर्याय मी उडवून लावणार नाही. हातात सांधेदुखी आहे, कन्सोल नाही, पैसे नाहीत, अशा माणसाने खुशाल गोष्ट बघावी. तुमच्याकडे ही कारणं नाहीत. आणि विकण्याबद्दल म्हणाल, तर आता नको. एक पावसाळा द्या. वही भरत असेल तर ठेवा. जूनमध्ये पाऊण तास मोकळा मिळूनही कंट्रोलर हातात घ्यावासा वाटला नाही, चार-पाच आठवडे सलग वाटला नाही, तर भावाला विचारून विकून टाका. मग तुमची आवड बदलली आहे एवढंच, त्यात हरण्यासारखं काही नाही.

'पोरखेळ' आणि 'वेड' हे शब्द तुम्ही वापरलेत. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. २०२२ पासून ती यादी लागू आहे. तिथल्या खुणा अशा: खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्याआधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणं. ज्या वाचकांना यात स्वतःचा किंवा मुलाचा चेहरा दिसतो त्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावं, लाजू नये. तुम्ही इतक्या वर्षांत चाळीस तास खेळलात आणि त्याबद्दल मला तीन पानी पत्र लिहिलंत. तुमची काळजी मला त्या बाजूची वाटत नाही. पहाटे साडेपाचपासून दुसऱ्यांची भूक भागवणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक गोष्ट हवी आहे आणि ती मागताना तिला अपराधी वाटतं, याची मला जास्त काळजी वाटते.

शाळा सुरू झाली की पहिल्याच सोमवारी अडीचला बसा. सेव्ह उघडा, घोडा पळवा, बॅरनच्या वाड्यात शिरा. सव्वातीनला तीन ओळी लिहून प्लग काढा. आणि चहाच्या वेळी सासूबाईंनी विचारलंच, तो पांढऱ्या केसांचो बापयो खंय गेलो, तर हसून गप्प बसू नका. सांगा, "आई, तो आपल्या चेडवाक शोधूक गेलो हा." पुढचं त्या विचारतील.